आगीला जात नसते, बंबाच्या वाटेला असते!

14 एप्रिल हा दिवस आपल्यासाठी काय आहे, हे चळवळीच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. परंतु याच दिवशी सकाळी देशभरातील अग्निशमन केंद्रांत आणखी एक मानवंदना दिली जाते, याची माहिती आपल्यापैकी अनेकांना नसते. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन नावाच्या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि त्याच जहाजात दारूगोळाही भरलेला होता. आग विझवायला गेलेले 66 अग्निशामक जवान त्या स्फोटात मरण पावले. त्यांच्यासोबत गोदीत हमाली करणारे आणि गोदीच्या आसपास राहणारे शेकडो गरीब लोक गेले. त्या जवानांच्या स्मरणार्थ 14 एप्रिल हा राष्ट्रीय अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या वेळी व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांचा वाढदिवस आणि मजुरांच्या होळीचा दिवस एकच ठरला.

हा योगायोग आहे, त्यात गूढ काही नाही. परंतु या योगायोगाने एक प्रश्न आपल्या दारात आणून ठेवला आहे. आग लागल्यावर बंब कोणाच्या दारात किती मिनिटांत पोहोचतो? तो जिथून निघतो ते केंद्र कुठे बांधायचे, हे कोण ठरवतो? आणि ठरवताना आपली वस्ती त्या नकाशावर असते काय?

राजर्षी शाहू महाराजांच्या कोल्हापूरने या प्रश्नाचे दोन धडे अलीकडेच घेतले आहेत. पहिला धडा 8 ऑगस्ट 2024 च्या रात्रीचा. संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली आणि शाहू महाराजांनी उभारलेले पॅलेस थिएटर डोळ्यांदेखत भस्मसात झाले. दुसऱ्या दिवशी, 9 ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. सारे शहर हळहळले आणि ते योग्यच होते. सरकारने पुनर्बांधणीसाठी निधी जाहीर केला, तेही योग्यच झाले. दुसरा धडा त्यानंतर वर्षभराने मिळाला. सप्टेंबर 2025 च्या अखेरीस फुलेवाडी येथे महापालिकेच्या नव्या अग्निशमन केंद्राचे बांधकाम चालू असताना रात्री स्लॅब कोसळला. एका बांधकाम मजुराचा मृत्यू झाला आणि काही मजूर जखमी झाले. लोकांचे जीव वाचवण्यासाठी जी इमारत बांधली जात होती, तिने पहिला जीव घेतला तो ती बांधणाऱ्या मजुराचा! यात दोष कोणाचा हे तपास आणि न्यायालय ठरवील. परंतु नाट्यगृहासाठी जेवढी हळहळ झाली तेवढी या मजुरासाठी झाली काय, याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या मनाशी द्यावे.

या दोन घटनांनंतर शहरात अग्निशमन केंद्रांची चर्चा सुरू झाली आहे. चर्चा चालते ती किती कोटी मंजूर झाले, किती मजली इमारत, कोणती नवी गाडी, उद्घाटनाला कोण, या अंगाने. केंद्र नेमके कोणासाठी, हा प्रश्न कोणी विचारत नाही. म्हणून राजारामपुरी हे एकच उदाहरण घेऊन या विषयाचा विचार करावा असे मी ठरवले. या परिसरासाठी केंद्र नव्याने बांधायचे असो किंवा असलेल्या व्यवस्थेची फेरआखणी करायची असो, मुद्दे तेच राहतात.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. अग्निशमन ही महापालिकेने नागरिकांवर केलेली मेहेरबानी नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 63 मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये दिली आहेत आणि सुसज्ज अग्निशमन दल ठेवणे हे त्यांपैकी एक आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली. तिच्यात सातव्या क्रमांकावर अग्निशमन सेवा आहे आणि दहाव्या क्रमांकावर झोपडपट्टी सुधारणा आहे. म्हणजे घटनेने हे दोन्ही विषय एकाच यादीत, एकाच संस्थेच्या हाती सोपवले. महापालिकांनी मात्र त्यांच्या दोन वेगवेगळ्या फायली केल्या आणि त्या फायली एकमेकींना कधी भेटत नाहीत.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम हा 2006 चा कायदा. तो अंमलात आला 6 डिसेंबर 2008 रोजी. पुन्हा आपल्याच स्मरणाचा दिवस! या कायद्याने मोठ्या इमारतींच्या मालकांवर आणि भोगवटादारांवर जबाबदारी टाकली. आग विझवण्याची यंत्रणा बसवायची, ती चालू ठेवायची आणि दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत ती चालू असल्याचे प्रमाणपत्र द्यायचे. कायदा चांगला आहे. परंतु वकील म्हणून तो वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. हा कायदा बोलतो तो इमारतीशी. उंच इमारतीत स्वतःची पाण्याची टाकी असते, पंप असतो, छतात पाण्याचे फवारे असतात, दोन जिने असतात. बंब येईपर्यंत तिला स्वतःच्या पायावर उभे राहता यावे, असा कायद्याचा हेतू आहे. पत्र्याच्या खोलीत यांपैकी काय असते? तिथे एक गॅस सिलिंडर, एक बल्ब, आकड्यासारखी लोंबणारी वायर आणि प्लास्टिकच्या दोन घागरी असतात. तिला वाचवणारी एकच यंत्रणा आहे आणि ती म्हणजे सार्वजनिक अग्निशमन केंद्र.

मग साधा न्याय काय सांगतो? ज्याच्या घरात स्वतःची यंत्रणा नाही, त्याच्या जवळ केंद्र असले पाहिजे. घटनेच्या कलम 14 मधील समानतेचा अर्थ सर्वांना सारखे अंतर असा होत नाही. ज्याला संरक्षण कमी त्याला सेवा अगोदर, असा तो होतो. काही मंडळी म्हणतील की उंच इमारतीत एका वेळी शेकडो माणसे असतात, तिथला धोका मोठा आहे. हा आक्षेप खोटा नाही. उंच इमारतीसाठी उंच शिडीची गाडी लागते आणि ती घेतलीच पाहिजे. परंतु ती गाडी घेण्याचा निर्णय आणि केंद्राची जागा ठरवण्याचा निर्णय हे दोन वेगळे निर्णय आहेत. पहिला इमारतीची उंची पाहून घ्यावा, दुसरा वस्तीची असहायता पाहून घ्यावा.

आता हिशेब मांडू. केंद्र सरकारच्या स्थायी अग्नि सल्लागार परिषदेचे निकष आहेत. शहरी भागात दर 10 चौरस किलोमीटरला एक केंद्र आणि पाच ते सात मिनिटांत घटनास्थळी मदत. तीन लाख लोकसंख्येपर्यंत दर 50 हजारांना एक बंब आणि त्यापुढे दर लाखाला एक. कोल्हापूर महापालिकेचे क्षेत्र 66.82 चौरस किलोमीटर आहे आणि 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या 5 लाख 49 हजार 236 आहे. म्हणजे निकषाप्रमाणे सात केंद्रे आणि आठ-नऊ बंब हवेत. हा हिशेब 2011 च्या लोकसंख्येवरचा आहे. त्यानंतर शहर थांबलेले नाही.

पण केवळ केंद्रांची संख्या मोजून भागत नाही. दहा चौरस किलोमीटरचे वर्तुळ काढले तर त्याची त्रिज्या जवळपास 1.8 किलोमीटर येते. आता पाच मिनिटे घ्या. निरोप समजून घेऊन गाडी फाटकाबाहेर पडायला एक मिनिट. उरली चार. कोल्हापूरच्या गर्दीत बंब ताशी 20 किलोमीटर वेगाने गेला, तर चार मिनिटांत तो जेमतेम 1.3 किलोमीटर जातो. तेही रस्त्याने, सरळ रेषेत नव्हे. म्हणजे कागदावर ‘निकषात बसणारे’ केंद्र असूनही त्या वर्तुळाच्या कडेला राहणारा माणूस पाच मिनिटांच्या बाहेर राहतो. आणि शहराच्या कडेला कोण राहतो? नाल्याच्या काठी, रेल्वेच्या रुळालगत, खणीच्या बाजूला कोण राहतो? गावकुसाबाहेरचा माणूस शहरात आला, तरी त्याचे कुस त्याच्या सोबतच आले आहे.

राजारामपुरी ही छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात आखून वसवलेली पेठ. मधोमध मुख्य रस्ता आणि त्याला मिळणाऱ्या क्रमांकाच्या गल्ल्या. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, अशी मोजत जावी. नकाशा डोक्यात ठेवायला इतका सोपा भाग कोल्हापुरात दुसरा नाही. बंबाच्या चालकाला ‘आठवी गल्ली’ म्हटले की पुरे. परंतु याच आखीव पेठेला लागून मातंग वसाहत आहे, दौलतनगर आहे, पुढे यादवनगर आहे, राजेंद्रनगर आहे. तिथे क्रमांकाच्या गल्ल्या नाहीत. तिथे ‘अमक्याच्या किराणा दुकानाच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळून आत’ असा पत्ता असतो. घाबरलेल्या माणसाने फोनवर सांगितलेला असा पत्ता समजून घेण्यात जी दोन मिनिटे जातात, ती कोणत्याच निकषात धरलेली नाहीत.

शिवाय शहराच्या या भागाला रेल्वेमार्गाची भिंत आहे. स्टेशनच्या बाजूने मदत यायची झाली तर परीख पूल आहे, आणि परीख पुलाखाली पावसात काय होते हे कोल्हापूरकराला सांगायला नको. मुख्य रस्त्यावर दुकाने, हॉटेले, क्लासेस, दवाखाने आणि दोन्ही बाजूंना लावलेल्या दुचाक्या. गणपतीच्या आगमनाला तर हा रस्ता रात्रभर माणसांनी आणि ध्वनिक्षेपकांच्या भिंतींनी भरून जातो. अशा वेळी मुख्य रस्त्यावरच तोंड असलेल्या केंद्रातून बंब निघणार तरी कसा?

म्हणून केंद्राचा आराखडा करताना पुढील गोष्टींचा आग्रह आपण धरला पाहिजे. हे अभियंत्यांचे काम आहे, आम्हाला त्यातले काय कळते, असे म्हणून बाजूला होऊ नका. ज्याचे घर जळते त्याला यातले सर्वांत जास्त कळते.

पहिली गोष्ट जागा. जागा निवडताना नकाशावर मध्यबिंदू शोधून चालणार नाही. मातंग वसाहत, दौलतनगर, यादवनगर आणि राजेंद्रनगर यांतील शेवटच्या खोलीपासून उलटे मोजत यावे. त्या खोलीपर्यंत पाच मिनिटांत पोहोचेल अशीच जागा पात्र समजावी. मोजणी सकाळी, संध्याकाळी बाजाराच्या वेळी आणि उत्सवाच्या दिवशी, अशी तीनदा करावी. जागा पुराच्या रेषेबाहेर हवी. 2019 आणि 2021 च्या महापुरात बोटी घेऊन लोकांना बाहेर काढण्याचे काम हेच जवान करत होते. मदतीचे केंद्रच पाण्यात गेले तर मदत कोणाकडे मागायची?

दुसरी गोष्ट फाटक. केंद्राला दोन वेगवेगळ्या रस्त्यांवर उघडणारी फाटके हवीत. एक रस्ता मिरवणुकीने अडला तर दुसरा मोकळा राहील. फाटकासमोर गाडी एकदम रस्त्यावर न येता वळू शकेल अशी मोकळी फरशी हवी आणि तिथे वाहन लावण्यास कायमची बंदी हवी. खालच्या मजल्यावर दुकानगाळे काढून महापालिकेचे उत्पन्न वाढवण्याचा मोह काही ठिकाणी होतो. अग्निशमन केंद्राच्या तोंडाशी गाळे म्हणजे बंबाच्या तोंडाशी गिऱ्हाइकांच्या गाड्या. या मोहाला सुरुवातीलाच विरोध केला पाहिजे.

तिसरी गोष्ट गाड्या. मोठ्या बंबात साधारण साडेचार हजार लिटर पाणी असते. तो पंधरा फुटी रस्त्यावर अडतो आणि आठ फुटी बोळात शिरत नाही. वस्तीसाठी छोटी गाडी हवी, पंप बसवलेली दुचाकी हवी, लांब पाइप हवेत. केंद्रात गाड्यांच्या जागा ठरवताना पहिली जागा छोट्या गाडीला द्यावी. नाहीतर नव्या केंद्रात चकचकीत मोठी गाडी उभी राहील, वर्तमानपत्रात तिचा फोटो येईल, आणि ती वस्तीच्या तोंडाशी येऊन थांबेल.

चौथी गोष्ट पाणी. केंद्रात जमिनीखाली मोठी टाकी आणि ती भरणारी स्वतंत्र जलवाहिनी हवी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वस्तीच्या आत, ठरावीक अंतरावर, बंबाचा पाइप जोडता येईल असे नळखांब हवेत. काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचे पाणी 2023 च्या नोव्हेंबरात कोल्हापुरात पोहोचले. ते पाणी बंगल्यांच्या बागांपर्यंत जाते, तर वस्तीच्या तोंडाशी एक नळखांब का होऊ नये? महाडला 1927 साली बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा सार्वजनिक पाण्यावरचा आपला हक्क सिद्ध केला. तहानेच्या वेळी जो हक्क आहे तोच आगीच्या वेळीही आहे.

पाचवी गोष्ट माणसे. जवान केंद्राच्या आवारातच राहिले पाहिजेत, कारण घरून निघून येणाऱ्या जवानाची वाट आग बघत नाही. म्हणून आराखड्यात कुटुंबासह राहण्याची घरे, सरावाचे मैदान, पाइप वाळवण्याची उंच जागा, आणि महिला जवानांसाठी स्वतंत्र खोल्या व स्वच्छतागृहे पहिल्या दिवसापासून हवीत. इमारतीत महिलांची सोयच नसली की ‘महिला उमेदवार घेता येत नाहीत’ असे उत्तर तयार होते. भरती कायमस्वरूपी आणि बिंदुनामावलीप्रमाणे हवी. कंत्राटी भरतीने आरक्षण मागच्या दाराने संपते, हा आपला अनुभव आहे. आणि आगीत उडी घेणाऱ्या जवानाला कंत्राटी मजुरीवर ठेवणे हा त्याच्या धैर्याचा अपमान आहे.

आता सर्वांत कठीण भाग, तो म्हणजे शेवटचे शंभर मीटर. केंद्र उत्तम झाले, गाडी चार मिनिटांत वस्तीच्या तोंडाशी आली, तरी पुढची वाट कोणी करायची? इथे महापालिका एक ठरलेले उत्तर देते, ‘अतिक्रमण आहे.’ हे उत्तर अर्धवट आहे. वस्ती घोषित झाली, तिला पाणीपट्टी लागली, वीज मीटर आले, मतदार यादी झाली, मतेही घेतली. मग रस्ता द्यायच्या वेळीच ती वस्ती बेकायदा कशी होते? नागरी दलितवस्ती सुधारणेच्या योजनेला आज लोकशाहीर अण्णा भाऊ साठे यांचे नाव आहे. त्या निधीतून दरवर्षी गटारी आणि फरशा होतात. त्याच फरशा पुन्हा उखडून त्याच पुन्हा बसवल्या जातात, हेही आपण पाहतो. त्या निधीतून एका वर्षी फक्त बंबाची वाट करा, लोंबणाऱ्या वायरी सरळ करा आणि नळखांब बसवा, अशी मागणी आपल्या नगरसेवकांनी कधी केली आहे काय?

आणि इथे आपल्याच बांधवांना दोन कटू शब्द सांगितले पाहिजेत. वस्तीच्या तोंडाशी आपणच कट्टा बांधतो. जयंतीची कमान इतकी खाली घेतो की तिच्याखालून टेम्पो जात नाही. घराची पायरी बोळात एक फूट पुढे येते, शेजारी दीड फूट येतो. मिरवणुकीत ध्वनिक्षेपकाच्या भिंती आपल्याही असतात. दुसऱ्याच्या मांडवाकडे बोट दाखवताना आपली कमानही मोजली पाहिजे. तथागतांनी कार्यकारणभावाचा सिद्धांत सांगितला. कारण आहे म्हणून कार्य आहे, कारण नाहीसे करा म्हणजे कार्य नाहीसे होईल. आग नशिबाने लागत नाही आणि बंब नशिबाने अडत नाही. दोन्हींना कारणे असतात आणि त्यांतली काही आपल्या हातात आहेत.

हे एवढे कळकळीने का लिहितो? एका कुटुंबाची फाइल माझ्याकडे आली होती, त्यामुळे. झोपडी जळाली, सुदैवाने माणसे वाचली. पंचनाम्यात लिहिले गेले: भांडी, कपडे, एक दूरदर्शन संच, धान्य. नुकसानभरपाईही त्याच हिशेबाने मिळाली. पंचनाम्यात न आलेली एक वस्तू होती ती पत्र्याच्या पेटीतला आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. बौद्धांना 1990 मध्ये केंद्राच्या सवलती मिळाल्या, तरी मूळ जातीचा पुरावा लागतोच. तो कागद जळाला आणि नातीच्या वैद्यकीय प्रवेशाच्या वेळी घराण्याचा पुरावाच उरला नाही. नक्कल मिळवण्यासाठी त्या मुलीच्या बापाने किती कचेऱ्यांचे उंबरे झिजवले ते मी पाहिले आहे. श्रीमंताचे घर जळते तेव्हा विमा कंपनी धावते. आपले घर जळते तेव्हा तीन पिढ्यांचे शिक्षण आणि पुढच्या पिढीचे आरक्षण जळते. पाच मिनिटे आणि पंधरा मिनिटे यांतला फरक म्हणजे हा कागद.

निधी नाही, हे महापालिकेचे दुसरे ठरलेले उत्तर. सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये रतलाम नगरपालिकेच्या प्रकरणात हे उत्तर फेटाळले आहे. कायद्याने घातलेले कर्तव्य टाळण्यासाठी पैसे नसल्याची सबब नगरपालिकेला सांगता येत नाही, असे न्या. कृष्णा अय्यर यांच्या खंडपीठाने सांगितले. आणि पैसे नाहीत हेही पूर्ण खरे नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार केंद्राने 2023 मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी 5 हजार कोटी रुपयांची योजना सुरू केली. नव्या बांधकामाच्या वेळी अग्निशमन सेवेचे शुल्क घेण्याची तरतूद 2006 च्या कायद्यातच आहे. ते शुल्क किती जमले आणि कुठे खर्च झाले, हा प्रश्न विचारण्याचा प्रत्येक नागरिकाला अधिकार आहे.

‘नंतर कोर्टात बघू’ असे समजणाऱ्यांनी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाचा निकाल वाचावा. 13 जून 1997 रोजी तिथे 59 माणसे गुदमरून मेली. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगृहाचे मालक आणि वीज मंडळ यांना भरपाईसाठी जबाबदार धरले, परंतु महापालिका आणि परवाना देणारे अधिकारी यांना भरपाईतून मोकळे केले. याचा अर्थ स्पष्ट आहे. आग लागल्यानंतर सार्वजनिक संस्थेला पकडण्याचा दरवाजा अरुंद आहे. तिला पकडायचे ते आराखडा होत असताना, हरकती मागवल्या जात असताना.

विकास आराखड्याचा प्रारूप नकाशा प्रसिद्ध झाला की नगररचना अधिनियमाप्रमाणे हरकती व सूचना मागवतात. त्या मुदतीत बिल्डर आपल्या वकिलासह हजर असतो. आपण कुठे असतो? अग्निशमन केंद्रासाठी आरक्षित असलेला भूखंड दहा वर्षांत ताब्यात घेतला नाही, तर कलम 127 खाली मालक नोटीस देतो आणि ठरलेल्या मुदतीत पालिकेने हालचाल केली नाही की आरक्षण रद्द समजले जाते. कलम 37 खाली आरक्षण बदलताही येते. नोकरीतले आरक्षण गेले की आपण रस्त्यावर येतो. जमिनीवरचे आरक्षण गुपचूप उठते तेव्हा आपल्याला पत्ताही नसतो.

कोल्हापूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली आणि पाच वर्षे प्रशासकाचे राज्य चालले. 15 जानेवारी 2026 रोजी मतदान होऊन पुन्हा लोकांचे सभागृह आले आहे. आता जाब विचारायला समोर माणूस आहे. म्हणून या भागातील कार्यकर्त्यांनी चार कामे हाती घ्यावीत. एक, माहिती अधिकारात मागील तीन वर्षांची वर्दीची नोंदवही मागावी. निरोप किती वाजता आला, गाडी किती वाजता निघाली, किती वाजता पोहोचली, हे वस्तीनिहाय मांडावे. दोन, अग्निशमन केंद्रांसाठी विकास आराखड्यात कोणते भूखंड आरक्षित आहेत आणि त्यांची आजची स्थिती काय, हे लेखी विचारावे. तीन, अग्निशमन दलाला वस्तीत बोलावून दिवसाढवळ्या गाडी आत घेऊन दाखवायला सांगावे. जिथे ती अडेल तिथे खूण करावी, मग ती पालिकेची चूक असो वा आपली पायरी. चार, जे केंद्र बांधले जाईल त्या बांधकामावरच्या मजुरांची नोंदणी, विमा आणि सुरक्षा तपासावी. फुलेवाडीच्या मजुराला आपण वाचवू शकलो नाही. त्याच्या नावाने किमान पुढचा मजूर वाचला पाहिजे.

1920 साली माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी बाबासाहेबांना नेतृत्वाचा मान दिला. त्या संस्थानाच्या राजधानीत आज एक साधी मागणी करायची आहे. नव्या अग्निशमन केंद्राची कोनशिला बसवण्यापूर्वी आयुक्त, अभियंता आणि नगरसेवक यांनी मातंग वसाहतीच्या शेवटच्या खोलीपासून त्या जागेपर्यंत घड्याळ हातात घेऊन चालत यावे. पाच मिनिटांचा हिशेब जुळला तर नारळ फोडा, नाही जुळला तर जागा बदला.

येत्या 14 एप्रिलला बाबासाहेबांच्या पुतळ्याला अभिवादन करून झाल्यावर जवळच्या अग्निशमन केंद्रात जा. 1944 च्या त्या 66 जवानांना दोन मिनिटे उभे राहून मानवंदना द्या. आणि निघताना तिथल्या जवानाला विचारा, ‘दादा, आमच्या वस्तीत तुमची गाडी शिरते का?’ तो जे उत्तर देईल, ते आपल्या पुढच्या निवेदनाचे पहिले वाक्य असेल.

जय भीम!